काकांचं कोरं बोट

चि. सई,

काल जेवताना "आधी स्वतःचं ताट उचलायला शीक, मग मत माग" असं म्हणालो, ते चुकलंच. ताट तू रोज उचलतेस. काल माझंच तिथे राहिलं होतं. समोरासमोर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, म्हणून हे लिहून तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवतोय.

ऑस्ट्रियात २००७ पासून सोळाव्या वर्षी मत देतात, स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतातही सोळा-सतराची मुलं होती, मग आपल्याकडे का नाही, हा तुझा प्रश्न. मी म्हणालो, त्या वयात कुणी सांगेल तिथे शिक्का माराल. (शिक्का म्हटल्यावर तू हसलीस. आता बटण असतं, ठाऊक आहे.) पण रात्री झोप लागेना.

१९८४ च्या डिसेंबरात लालबागच्या आमच्या चाळीत गिरणी संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या लोकसभेच्या प्रचाराची धामधूम होती. गिरणी संपाला तीन वर्षं होत आली होती, आजोबा घरी बसलेले. मोठे काका अठरा वर्षांचे. कॉलेज सोडून छापखान्यात लागले होते. पगाराचं पाकीट न उघडता आजीच्या हातात द्यायचे, त्यावर आमचं पाच जणांचं चालायचं. रात्री खळीचा डबा घेऊन पोस्टरं चिकटवायला जायचे. पण मताला तेव्हा एकवीस लागायची. सामंत निवडून आले, काकांचं बोट कोरंच.

मग ६१वी घटनादुरुस्ती झाली आणि २८ मार्च १९८९ पासून वय अठरावर आलं. त्या नोव्हेंबरात लोकसभेला काका तेवीसचे, मी एकोणीसचा. दोघं एकाच रांगेत, दोघांचंही पहिलंच मत. काका सगळा वेळ गप्प. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "मी पाच वर्षं थांबलो आणि ह्याला आयतं मिळालं."

आणि मी मत कुणाला दिलं? काकांनी सांगितलं त्याला. मला काळजी एकच, मतपत्रिका दुमडताना शिक्क्याची शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये. आता तुला कुठल्या तोंडाने बोलू?

बेस्ट बसच्या भाडेवाढीचं तू म्हणालीस तेही खरंच. मे २०२५ मध्ये किमान तिकीट ५ चं १० झालं, चटका तुझ्या पॉकेटमनीला बसला. पण माझ्याकडे मत असून मी तरी कुणाला जाब विचारणार होतो? मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार.

तरी सोळा मला जड जातंय. भीती तुमची नाही, तुमच्या मागे लागतील त्यांची. दहीहंडीच्या टी-शर्टांवर कुणाकुणाचे फोटो असतात, बघतेसच. मतं आहेत म्हटल्यावर ही मंडळी अकरावीच्या वर्गात टी-शर्ट वाटत येतील. यावर तुझं काय म्हणणं आहे, ते सांग. मी ओरडणार नाही.

जूनमध्ये तुला सतरा पूर्ण होतील. तेव्हापासून मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म ६ आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, यांपैकी अठरा झाल्यावर जी तारीख आधी येईल तिला नाव लागतं. फोटो मात्र नीट दे, माझ्या कार्डावर डोळे मिटलेत.

रविवारी काका येताहेत. १९८९ चा विषय तूच काढ, मी नाही काढणार.

बाबा