घरापुढची शेड, गच्चीवरची काच आणि परवानगी

संपादक महोदय,

नेरूळ, वाशी, कोपरखैरणे येथील रो-हाऊसच्या गल्ल्यांतून फिरताना घरापुढच्या मोकळ्या जागेत लोखंडी पाइपांवर उभारलेल्या गाडीच्या शेड आणि चहूबाजूंनी काचा लावून खोली केलेल्या गच्च्या ठिकठिकाणी दिसतात. ही कामे करून घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा नियम मोडण्याचा इरादा नसतो. फॅब्रिकेटर 'एवढ्याशा कामाला परवानगी कोण घेतं?' असे म्हणतो, आणि विचारायला दुसरे कोणी जवळ नसल्याने काम उरकून टाकले जाते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ४३ प्रमाणे घराच्या केवळ आतल्या भागाशी संबंधित किंवा बाह्य स्वरूपात विशेष फरक न पाडणाऱ्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही. स्वयंपाकघरातील फरशी बदलणे त्यात बसते. सामासिक अंतरात (इमारतीभोवती नियमानुसार मोकळ्या सोडायच्या जागेत) भिंती घालून गॅरेज करणे किंवा उघडी गच्ची बंदिस्त करणे बसत नाही. पोर्चसारख्या काही गोष्टींना मापाच्या अटींवर मुभा असते, परंतु पोर्चला शटर लागले की प्रश्न बदलतो. डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली काही शे पानांची आहे आणि वास्तुविशारदाच्या मदतीशिवाय त्यातून आपल्यापुरते उत्तर शोधणे सामान्य घरमालकाला जमणारे नाही. त्यातच नवी मुंबईत जमीन सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या भाडेपट्ट्याची आणि बांधकाम परवानगी महापालिकेची, त्यामुळे नेमके कोणते दार ठोठावावे येथूनच गोंधळ सुरू होतो.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील सोसायट्यांमध्ये हाच वाद स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखाली खांबांमध्ये मोकळ्या ठेवलेल्या तळमजल्यावरील जागेवरून होतो. त्याबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या व्याख्येनुसार छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली वाहनाची जागा म्हणजे गॅरेज. आणि स्टिल्टमधील पार्किंग हे १९६३ च्या मोफा या सदनिकांच्या विक्रीविषयीच्या महाराष्ट्राच्या कायद्यातील गॅरेज नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच दिला आहे. तरीही जाळी ठोकून, कुलूप लावून 'आमचे गॅरेज' म्हणणारे सभासद भेटतातच.

हे नियम केवळ कागदी नाहीत. आमच्या गल्लीत एका शेडखाली नवी टाइल्स बसवताना मलवाहिनीच्या चेंबरचे झाकण गाडले गेले. जुलैत सांडपाणी तुंबले तेव्हा सफाई कामगारांना नव्या टाइल्स फोडून ते शोधावे लागले. शेजारच्या शेडला पन्हळ नसल्याने पत्र्यावरचे सगळे पाणी सामाईक भिंतीवर पडते आणि ओल मात्र पलीकडच्या घरात उतरते. घर विकताना बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा मागतो आणि कर्ज तेथे अडते. मालमत्ता करात वाढीव जागेची नोंद झाली म्हणजे ती अधिकृत झाली, असा एक समज आहे. तोही चुकीचा आहे. अनधिकृत बांधकामावर कर वा शास्ती (दंड) भरल्याने ते नियमित होत नाही.

इंग्लंडमध्ये घरामागे एकमजली काचेची खोली बांधताना ती स्वतंत्र घराच्या मागील भिंतीपासून चार मीटरपर्यंत, तर जोडघराच्या तीन मीटरपर्यंत असल्यास, उंची वगैरेंच्या इतर अटी पाळून, सहसा नियोजन परवानगी लागत नाही, आणि ही मापे तेथील सरकारने आकृत्यांसह साध्या भाषेत दिलेली आहेत. त्यांची मापे आपल्या दाट वस्तीला लागू करा, असे मी म्हणणार नाही. परंतु गाडीची शेड, पावसाळी छप्पर, गच्चीवरील काच आणि स्टिल्टमधील जाळी या चार गोष्टींपैकी कशाला परवानगी लागते, किती मापापर्यंत मुभा आहे, अर्ज कोणाकडे करायचा आणि झालेले काम प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्यासाठी घेतली जाणारी रक्कम) भरून नियमित होऊ शकते का, हे सांगणारे एक मराठी पत्रक ठाणे व नवी मुंबई महापालिकांनी आकृत्यांसह काढून मालमत्ता कराच्या देयकासोबत घरोघरी पाठवावे, अशी माझी विनंती आहे.

— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई