बाबा, फॉर्मवर तुमचं नाव लागणार आहे

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझ्या मैत्रिणीला इकडे यायचं तर व्हिसाचं काय काय लागतं ते एकदा नीट लिहून पाठव, फोनवर डोक्यात राहत नाही." म्हणून लिहितोय. शिवाय काही गोष्टी फोनवर निघाल्या की आपण तिघंही हवापाण्यावर घसरतो. त्या लिहिलेल्या बऱ्या.

आधी तुमची मुख्य काळजी मिटवतो. तुम्ही दोघं जर्मनीला आलात तेव्हा जे भोगलंत, तसलं यात काही नाही. बँकेची स्टेटमेंट्स, पेन्शनचे कागद, 30,000 युरोंचा प्रवासविमा, परतीचं तिकीट आणि वर बोटांचे ठसे द्यायला रांग. मीही इथल्या सरकारी कार्यालयात जाऊन तुमच्या खर्चाची हमी लिहून दिली होती. आई तेव्हा म्हणाली होती, "पोटच्या मुलाकडे जायचं तर एवढं सिद्ध करायचं?" माझ्या मैत्रिणीला भारताच्या व्हिसाच्या अर्जाला यातलं काहीही जोडावं लागत नाही. तिचा पगार किती, तिच्या खात्यात किती, कोणी विचारत नाही. आपल्या सरकारने 2014 च्या नोव्हेंबरात ई-व्हिसाची सोय सुरू केली, तेव्हा थोडेच देश होते. आता दीडशेहून जास्त देशांच्या लोकांना घरबसल्या अर्ज करता येतो आणि तिचा देश, ब्राझील, त्यात आहे. ती राहते जर्मनीत, पण हिशेब पासपोर्टचा होतो, राहत्या गावाचा नाही.

आई, तू पाठवलेली लिंक मात्र सरकारी नाही. अशा हुबेहूब दिसणाऱ्या साइट ढिगाने आहेत. तोच फॉर्म भरून घेतात आणि वर आपले पैसे लावतात. खऱ्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं, तेवढं पाहायचं.

पर्यटकांचा हा व्हिसा तीन प्रकारचा मिळतो: 30 दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा. 30 दिवसांच्या व्हिसाला निघायच्या महिनाभर आधीपर्यंत अर्जच करता येत नाही आणि मला शेवटच्या घटकेचा जीव टांगणीला लावायचा नाही. एक वर्षाच्या व्हिसाला 120 दिवस आधी अर्ज चालतो, म्हणून तोच काढतोय. "वर्षाचा कशाला, ती काय वर्षभर राहणार आहे का?" असं आईच्या मनात येण्याआधीच सांगतो: राहणार तीनच आठवडे.

रविवारी आम्ही फॉर्म नुसता उघडून पाहिला. एक पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आणि पासपोर्टचं पहिलं पान लागतं. पान पीडीएफमध्ये, तेही 300 केबीच्या आत, आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता आलं पाहिजे. खरी गंमत प्रश्नांची आहे. आई-वडिलांची नावं, त्यांचा जन्म कुठला, शिक्षण किती, अंगावर ओळखीची खूण कोणती, गेल्या दहा वर्षांत कुठकुठले देश पाहिले. धर्माच्या रकान्यापाशी ती थांबली. म्हणाली, "आई कॅथलिक आहे, माझं काय लिहू?" मी म्हटलं, विचार करून ठेव, माझी आईही हेच विचारणार आहे. पुढे विचारतात की तुमचे आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का. तिचे एक आजोबा इटलीतून ब्राझीलला आलेले, दुसरे शेतावर जन्मले ते शेतावरच गेले. तिने प्रश्न दोनदा वाचला आणि मग इतकी हसली की मलाही हसू आवरेना. आपल्याकडे हा प्रश्न का आहे ते मग मी तिला समजावत बसलो, त्यात फॉर्मचं सत्र संपलं आणि पान बंद पडलं.

तिच्या नावाचंही एक आहे. ब्राझीलमध्ये आईचं आडनाव आणि वडिलांचं आडनाव अशी दोन्ही लावतात, त्यामुळे पासपोर्टवर तिचं नाव आगगाडीएवढं आहे. फॉर्मवर ते जसंच्या तसं यायला हवं आणि तिकिटावरही. म्हणून तिकीट मी स्वतः काढणार आहे, तुमच्या त्या एजंटकडून नको. माणूस चांगला आहे, पण तो माझंही नाव दर वेळी वेगळं लिहितो.

आता खरा मुद्दा. फॉर्ममध्ये भारतातल्या एका माणसाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर द्यावा लागतो, रेफरन्स म्हणून. ती हॉटेलात उतरणारी प्रवासी असती तर हॉटेलचं नाव चाललं असतं. बाबा, तुम्ही तेच सुचवलंत: हॉटेलचा पत्ता टाक, कोणी विचारलं तर ऑफिसातली सहकारी म्हणून सांगू, सोसायटीतही तेच सांगू. तुमच्या जागी मी असतो तर मलाही कदाचित हेच सुचलं असतं. पण मी ते करणार नाही.

पहिलं कारण निव्वळ व्यवहाराचं. परदेशी माणूस ज्याच्याकडे उतरतो, त्याला 24 तासांच्या आत सरकारला कळवावं लागतं. हे फक्त हॉटेलांना आहे असं बहुतेकांना वाटतं, पण घरी पाहुणा ठेवला तरी तेच लागू. लोक याला सी-फॉर्म म्हणतात. आधी हे 1946 च्या कायद्याखाली चालायचं, आता 2025 चा नवा इमिग्रेशन कायदा आहे. तुम्हाला नियम वाचायची हौस आहेच, सावकाश वाचा. म्हणजे फॉर्मवर हॉटेल आणि नोंद तुमच्या घरची, असं होईल. त्यावरून कोणी तुरुंगात टाकत नाही, पण विमानतळावर अधिकाऱ्याने तिला "कुठे राहणार?" विचारलं, तर तिने कुठलं उत्तर द्यायचं? तिला खोटं बोलता येत नाही. तिचे कान आधी लाल होतात.

सी-फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. पोलीस चौकीत जावं लागत नाही, तिलाही नाही. परदेशी व्यक्तीने स्वतः नोंदणी करायची ती 180 दिवसांपेक्षा जास्त राहणार असेल तर. तुमच्या नावाचं खातं आपण व्हिडिओ कॉलवर आधीच उघडून ठेवू. ती आली की पासपोर्ट आणि व्हिसाचे नंबर तेवढे टाकायचे.

दुसरं कारण व्यवहाराचं नाही. ती तुमच्या घरी तुमची पाहुणी म्हणून येणार आहे. तीन आठवडे तिला प्रत्येक जिन्यात, प्रत्येक दारात सहकारी बनवून फिरवायचं हे मला जमणार नाही आणि तुम्हालाही दोन दिवसांत जड जाईल. सोसायटीत कोणी विचारलं तर "मुलाची मैत्रीण आहे" म्हणा, पुढचं त्यांच्यावर सोडा. लग्नाचं विचारतील. "त्यांचं ते ठरवतील" म्हणा. खरंही तेच आहे, आमचं अजून ठरलेलं नाही. ठरलं की पहिला फोन तुम्हालाच. झोपायची व्यवस्था तुम्ही सांगाल तशी. तिला मी सांगून ठेवलंय, त्यात तिला काही वाटत नाही. तिच्या आजीकडे गेलो होतो तेव्हा मीही दिवाणखान्यातल्या सोफ्यावरच झोपलो होतो.

आणि बाबा, तुमच्या मित्रांच्या संस्थेत तिचं व्याख्यान ठेवायचा बेत कृपा करून रद्द करा. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, मानधनाचं पाकीट तर नाहीच नाही. मित्रांना घरी बोलवा, ती गप्पा मारेल.

एक धोका मात्र खरा आहे. ती आधी ब्राझीलला तिच्या आईकडे जाणार आणि तिथूनच परस्पर मुंबईला येणार. ब्राझील पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) देशांच्या यादीत आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात पोहोचणाऱ्याकडे लशीचं पिवळं कार्ड नसेल, तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. यात गयावया चालत नाही, कारण आपल्याकडे हा रोग नाही पण तो पसरवणारा डास आहे. लस टोचल्यावर दहा दिवसांनी धरली जाते, 2016 पासून जन्मभर चालते. लस तिने घेतलेली आहे. कार्ड तिच्या आईच्या घरी कपाटात कुठेतरी आहे. सध्या तिची आई ते शोधतेय आणि रोज नवनव्या जुन्या वस्तूंचे फोटो पाठवतेय. शाळेचं प्रगतिपुस्तक सापडलं, कार्ड नाही. या आठवड्यात नाही मिळालं तर दुसरी प्रत काढायला लावतो.

मंजुरीचा ईमेल आला की त्याची छापील प्रत जवळ ठेवायची. ठसे आणि फोटो मुंबईला उतरल्यावर घेतात. आणि आई, "अजून आठ दिवस राहू दे तिला" असं तुला वाटलं (वाटेल, मला माहीत आहे), तर ते तिकीट काढायच्या आधी सांग.

बाबा, तुम्ही नाव देणार नसाल तर तसं सांगा. मी रागावणार नाही. मामाला विचारेन, पण मग ती मामाकडेच उतरेल आणि तुम्हाला भेटायला येईल. देणार असाल तर मला तुमचं नाव विजेच्या बिलावर आहे त्या स्पेलिंगने पाठवा, पिन कोडसकट पूर्ण पत्ता, आणि मोबाइल नंबर. लँडलाइनचा नको, तो तुम्ही उचलत नाही. आणि आईलाही विचारून कळवा, तुम्ही दोघांचं मिळून उत्तर पाठवता तेव्हा ते बहुतेक तुमचं एकट्याचंच असतं.

शनिवारपर्यंत कळवा, रविवारी आम्ही पुन्हा फॉर्म भरायला बसतोय.

तुमचा,
धाकटा