जुना ट्रॅक्टर आणि कार्बोरेटरवरचा आळ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पेट्रोलवर चालणारे जुने ट्रॅक्टर जतन करणाऱ्यांची एक सवय खटकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. फोर्ड 8एन (1947 ते 1952) किंवा फर्ग्युसन टीई-20 (1946 ते 1956) यांसारख्या ट्रॅक्टरचे इंजिन कट मारू लागले किंवा नांगर जमिनीत उतरताच गुदमरले, की मालक आधी कार्बोरेटरचे (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचे) स्क्रू पिळतो आणि तेवढ्याने भागले नाही, तर मूळ कार्बोरेटर काढून त्याजागी नवी नक्कल बसवतो. वास्तविक या स्क्रूंच्या डोक्याखाली स्प्रिंग असते ती ते आपोआप फिरू नयेत यासाठीच. त्यामुळे काल नीट चालणारे इंजिन आज बिघडले असेल, तर स्क्रूची जागा बदलली असण्याची शक्यता फारच कमी.

पहिला संशय ठिणगीवर घ्यावा. पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) काळवंडलेले असतील किंवा कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी गुंडाळी) गरम झाल्यावर दम सोडत असेल, तर लक्षणे हुबेहूब इंधनाच्या बिघाडासारखी दिसतात. पाव इंचाची फट निळ्या, टणक ठिणगीने ओलांडली जात असेल, तरच इंधनाकडे वळावे.

इंधनाची सर्वांत उपयोगी तपासणी कार्बोरेटरच्या वाटीखालच्या निचऱ्याच्या बुचापाशी होते आणि नेमकी तीच सहसा कोणी करत नाही. इंजिन थंड असताना, आसपास विस्तव नसल्याची खात्री करून, खाली डबा धरावा, बूच काढावे आणि टाकीचा कॉक उघडून दोन-तीन मिनिटे धार पाहत राहावे. वाटीत साठलेले पेट्रोल सुरुवातीला जोरात येतेच, त्यावर जाऊ नये. त्यानंतरही धार अखंड राहिली पाहिजे. ती बारीक होत थेंबांवर आली, तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. धार लगेच सुधारली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. नाहीतर गाळ साठणाऱ्या काचेच्या वाटीवरची जाळी पाहावी आणि कार्बोरेटरला नळी जिथे जोडते त्या कोपऱ्यातली जाळीही पाहावी. ही दुसरी जाळी काही कार्बोरेटरांत असते, हे अनेकांच्या गावीही नसते.

यानंतर हवेची चोरवाट शोधावी. मॅनिफोल्डचे (कार्बोरेटरपासून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीचे) गॅस्केट फुटले असेल, किंवा थ्रॉटलचा (मिश्रणाची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या पाकळीचा) दांडा वर्षानुवर्षे फिरून आपल्या भोकात खिळखिळा झाला असेल, तर इंजिन तिथून जास्तीची हवा ओढते आणि मंद गतीत कोणताही स्क्रू कितीही फिरवला तरी ते स्थिर होत नाही. तिथे नवे बुश (भोकातले अस्तर) बसवण्याला पर्याय नाही.

या ट्रॅक्टरांवर कार्बोरेटर मॅनिफोल्डच्या खाली असतो आणि मिश्रण वर चढते. म्हणून चोक ओढून सुरू करताना खाली चार थेंब पडले तर घाबरू नये. बंद इंजिनावरही टपटप चालूच राहिली, तर मात्र फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या पोकळ डबीची) सुई आणि तिची बैठक तपासावी. पितळी फ्लोट काढून कानाजवळ हलवावा. आत पेट्रोल खळखळले, तर तो गळका आहे. गळती नेमकी कुठे आहे ते गरम पाण्यात बुडवल्यावर निघणाऱ्या बुडबुड्यांवरून कळते. जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) साफ करताना तार घालू नये. पितळ मऊ असते आणि भोक मोठे झाले, तर मिश्रण कायमचे जड, म्हणजे जास्त पेट्रोलचे, होते. दाबाची हवा पुरे.

हे सगळे झाल्यावरच स्क्रूंची पाळी येते. दोन्ही सुया हलक्या हाताने टेकवाव्यात (जोर लावला, तर टोकाला खाच पडते) आणि साधारण दीड फेरा मागे घेऊन इंजिन पूर्ण तापू द्यावे. मंद गतीचा स्क्रू दोन्हीकडे फिरवून, इंजिन जिथे अडखळते त्या दोन जागांच्या मधोमध ठेवावा. येथे एक गफलत नेहमी होते. स्क्रू थ्रॉटलच्या पाकळीच्या इंजिनाकडील बाजूस असेल, तर तो बहुधा इंधन आवरतो. एअर क्लीनरच्या बाजूस असेल, तर हवा आवरतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे 8एनसारख्या ट्रॅक्टरवर, स्क्रू आत घेतल्याने मिश्रण हलके (कमी पेट्रोलचे) न होता जड होते.

मुख्य जेटची सुई जिथे असेल, तिथे ती जागेवर उभ्या ट्रॅक्टरवर पक्की करू नये. गती वाढवून इंजिन अडखळेपर्यंत सुई आत न्यावी, किंचित मागे घ्यावी आणि खरा निर्णय अवजार लावून, ओझ्याखाली घ्यावा. कार्बोरेटरमधून उलटे फटके येऊ लागले, तर मिश्रण हलके आहे. काळा धूर आणि काजळलेले प्लग दिसले, तर जड. शंका असेल तेव्हा किंचित जड बाजूला राहावे, कारण हलक्या मिश्रणावर सतत ओढले, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर तर याची जास्तच गरज पडते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास सुमारे 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 भागच, त्यामुळे जुन्या मापावर ठेवलेली सुई अशा इंधनावर मिश्रण हलके करते आणि ती थोडी अधिक उघडावी लागते.

आपला,
जुन्या ट्रॅक्टरांची दुरुस्ती करणारा एक वाचक