मोलिएरने स्वतःकडे ठेवलेल्या भूमिका

महोदय,

रविवार पुरवणीतील फ्रेंच विनोदी नाटकांवरील लेख आवडला. मात्र मोलिएर हा वैद्य, धर्माचे अवडंबर माजवणारे आणि कंजूष धनिक यांची दुरून टर उडवणारा लेखक होता, असा जो सूर त्यात लागला आहे, त्याबद्दल चार ओळी लिहाव्याशा वाटतात. मोलिएर नट होता, नाटकमंडळीचा चालकही होता, आणि ज्याच्यावर प्रेक्षक सर्वांत जास्त हसणार ते पात्र तो बहुधा स्वतःच रंगवी.

त्याच्या ‘तार्त्युफ’ नाटकाचा प्रयोग 1664 मध्ये व्हर्सायला झाला, लगोलग त्यावर बंदी आली आणि ती पुरती उठायला 1669 उजाडले. ज्या ढोंगी साधूमुळे एवढा गहजब झाला, तो तार्त्युफ आज उपलब्ध असलेल्या पाच अंकी संहितेत थेट तिसऱ्या अंकात रंगमंचावर येतो. तोवर हशा पिकतो तो त्याच्या भजनी लागलेल्या ऑर्गोंवर, आणि ऑर्गों साकारत असे खुद्द मोलिएर. दोन दिवसांनी घरी परतलेला हा गृहस्थ खबरबात विचारतो, तेव्हा बायकोला ताप भरला होता, डोके ठणकत होते, असे मोलकरीण दोरीन सांगते. ‘आणि तार्त्युफ?’ त्याने दोन तितर आणि मेंढीची अर्धी तंगडी फस्त केली, हे ऐकून ऑर्गों कळवळतो, ‘बिचारा!’ हा ‘बिचारा’ एकाच प्रवेशात चार वेळा येतो, आणि दर खेपेला अधिक हसवतो.

‘कंजूष’ (1668) नाटकातील म्हातारा अर्पागाँही त्याचाच. मोलिएरला खोकल्याचा त्रास होता, तो त्याने संहितेतच मुरवला. लग्ने जुळवणारी फ्रोझीन या थेरड्याला, खोकणेसुद्धा तुम्हांला शोभून दिसते, असे सांगून फुगवते. ‘काल्पनिक रोगी’मध्ये तर कमालच आहे. त्यातला आर्गां चिडून म्हणतो की, वैद्यांची टिंगल करणारा तो मोलिएर आजारी पडला की त्याला उपचाराविना मरू द्यावे. हे बोलणारा नट मोलिएरच होता, आणि तोही खरोखर आजारी. 17 फेब्रुवारी 1673 रोजी चौथ्या प्रयोगात त्याची प्रकृती ढासळली. प्रयोग त्याने कसाबसा पुरा केला आणि त्याच रात्री घरी त्याचे निधन झाले.

पुढील लेख ब्योमार्शे या फ्रेंच नाटककारावर असल्याचे पुरवणीत म्हटले आहे. त्यात कोणती भूमिका कोणत्या नटाने केली, हेही लेखकाने आवर्जून सांगावे, ही विनंती.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक