टॅक्सीवाल्याची साक्ष

प्रिय दोस्ता,

परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एन्काउंटरच्या बातमीवरून तू म्हणालास ना, पोलिसांनी गोळी घातली म्हणजे त्या पोरांनी काहीतरी केलंच असणार, तेव्हा मी गप्प बसलो पण डोक्यातून ते जाईना, म्हणून लिहितोय.

तुला पोर्तो रिकोची गोष्ट सांगतो. 1898 पासून अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. 25 जुलै 1978 ला, म्हणजे अमेरिकन फौज तिथे उतरली त्याच तारखेला, स्वातंत्र्य मागणारे दोन तरुण सेरो माराविया डोंगरावरच्या संदेशवहनाच्या टॉवरवर हल्ला करायला निघाले. कार्लोस सोतो आरिवी 18 वर्षांचा, आर्नाल्दो दारिओ रोसादो 24 चा. सोबत तिसरा होता गोन्साल्येस मालावे, तो पोलिसांनीच आत घुसवलेला माणूस, आणि वर पोलीस आधीपासून दबा धरून बसलेले. अरे, सगळं ठाऊक होतं तर पोरांना घरातून निघतानाच उचलता आलं असतं की! अटक करायचीच नव्हती, असं माझं ठाम मत आहे.

दोघेही मेले. पोलीस म्हणाले त्यांनी आधी फायरिंग केलं, आम्ही जीव वाचवला. गव्हर्नर रोमेरो बार्सेलोंनी पोलिसांना हिरो म्हटलं. आपल्याकडच्या एन्काउंटरच्या बातम्या आठव, हीच वाक्यं.

पण एक टॅक्सीवाला होता, हुलिओ ओर्तिस मोलिना. या तिघांनी त्याचीच टॅक्सी बळजबरीने नेली होती, त्याला सोबत घेऊन, म्हणजे पोरांवर राग धरायचा हक्क सगळ्यात जास्त त्याचा, चळवळीशी त्याचं काही देणंघेणं नाही, तरी त्याने सांगितलं की पहिला गोळीबार थांबला तेव्हा पोरं जिवंत होती, मग पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. सरकारी चौकशांनी पोलिसांना क्लीन चिट दिली तरी त्या दुसऱ्या गोळीबाराचा प्रश्न मेला नाही. 1983 ला सिनेटची सुनावणी टीव्हीवर घराघरात दिसली आणि त्यात एका पोलिसानेच सांगितलं, पोरं गुडघ्यावर होती. 1985 ला खोट्या साक्षींच्या केसमध्ये 10 पोलीस दोषी ठरले.

गोन्साल्येस मात्र अपहरणाच्या खटल्यातून सुटला आणि 1986 ला त्याला कोणीतरी गोळ्या घातल्या. तेही मला पटत नाही. पोरांना वर न्यायला कोणी सांगितलं, हे त्याच्या तोंडून यायला हवं होतं.

रविवारी ये, यावर तुझ्याशी भांडायचंय.

तुझाच