घाटातला वाळा सुशोभीकरणात नको, अंदाजपत्रकात हवा

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
स. न. वि. वि.

हल्ली कोकणातल्या घाटांत पावसाळ्याआधीच जेसीबी येऊन उभा राहतो. दरड येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेले असते. रस्ता रुंद करताना डोंगर कापायचा, उघडी पडलेली लाल माती तशीच सोडायची आणि मग दर जुलैत ती उचलत बसायचे, असा हा क्रम आहे. या उघड्या उतारांवर वाळा, म्हणजे खस हे खोल मुळांचे गवत, लावावा आणि त्याचा खर्च रस्त्याच्या मूळ कामात धरावा, ही माझी मागणी.

मी रोपवाटिका चालवतो. म्हणजे यात माझाही धंदा आहे. तेव्हा वाळ्याला काय जमत नाही ते आधी सांगतो. २२ जुलै २०२१ ला तळीयेत किंवा १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीत ज्या दरडी गावावर कोसळल्या, त्या कुठल्याही गवताने थांबल्या नसत्या. डोंगर खोलातून सुटतो तिथे मुळांचा जोर चालत नाही. उभ्या कापलेल्या कातळावरही वाळा लावू नये, तिथे जाळी आणि भिंतच हवी. वाळा सांभाळतो ती वरची एक-दोन मीटर माती. ओघळ पडून तीच माती गटारात येते, गटार तुंबते, पाणी रस्ता ओलांडून खालच्या भरावात मुरते आणि भराव खचतो.

वाळ्याची मुळे आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. मऊ, खोल जमिनीत तीन मीटरपर्यंत जातात. आमच्या जांभ्यात आणि मुरमात तेवढी अपेक्षा धरू नये. या मुळांची ताणशक्ती साध्या पोलादाच्या सुमारे एक षष्ठांश भरते. वरून माती येऊन बुंधा गाडला गेला तर पेरांना नवी मुळे फुटतात. वणव्यात पाती जळाली तरी गड्डा जिवंत राहतो. जून पाती चरबरीत असल्याने मोकाट गुरे सहसा तोंड लावत नाहीत. फिजीतल्या उसाच्या मळ्यांत १९५० च्या दशकापासून माती धरायला वाळ्याच्या ओळी लावल्या गेल्या. थायलंडमध्ये राजे भूमिबोल यांनी १९९१ पासून त्याचा आग्रह धरला. गवत मूळचे आपल्याकडचे, आणि आपण मात्र ते माठात आणि कूलरमध्ये घालतो!

फसते ते लावण्यात. ठोंब, म्हणजे गड्ड्यातून मुळांसकट फोडलेले फुटवे, दहा ते पंधरा सेंटिमीटरवर, समपातळीत, एका ओळीत लावावे लागतात. तरच वर्ष-दोन वर्षांत सलग कुंपण होते. म्हणजे एक किलोमीटरच्या एका ओळीला सात ते दहा हजार ठोंब लागतात, आणि उतारावर अशा अनेक ओळी येतात. ठेकेदार तेच ठोंब हात-हातभर अंतरावर खोचतो, मधून पाणी वाट काढते आणि दोष वाळ्यावर येतो. शिवाय भर जुलैत उघड्या उतारावर सुटे ठोंब लावणे म्हणजे ते वाहून जाण्यासाठीच लावणे. पिशवीत मुळे धरलेली रोपे मृगाच्या पहिल्या सरींबरोबर लागली पाहिजेत. त्यावर झाडांची सावली नको. सावलीत वाळा विरळ होतो.

तेव्हा निविदेत ओळींमधले अंतर, लागवडीचा महिना आणि मेलेली रोपे भरून देण्याची जबाबदारी स्पष्ट लिहावी. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत ती ठेकेदारावरच असावी. जात बी न धरणारीच घ्यावी, म्हणजे शेजारच्या शेतात तण माजल्याची तक्रार येणार नाही. रोपे त्याच तालुक्यातल्या बचत गटांकडून घ्यावीत. ठोंब फोडून पिशव्या भरणे हे कुठल्याही गावात होणारे काम आहे.

आणखी एक. वाळ्याच्या मुळांच्या तेलाला चांगला भाव असतो, म्हणून सुगंधी पीक म्हणून त्याचा प्रसार चालू आहे. तो शेतात जरूर व्हावा. पण तेलासाठी मूळ उपटावे लागते आणि घाटात ते जमिनीतच राहायला हवे. हैतीत उतारावरची मुळे खणून जमिनीची धूप वाढली आहे. घाटातला वाळा खणायला सक्त मनाई असावी आणि देखभालीला नेमलेल्या माणसाला फक्त पाती कापू द्यावीत.

पुढच्या मृगासाठी रोपे हवी असतील तर ठोंब फोडायला उन्हाळ्याआधी सुरुवात करावी लागेल. निविदा एप्रिलमध्ये निघाली तर त्या वर्षीची लागवड हुकलीच म्हणून समजा.

आपला,
चिपळूण तालुक्यातील एक रोपवाटिकाधारक