सुट्टे पैसे आणि पंचशील

संपादक साहेब, सप्रेम जयभीम.

बुद्ध पौर्णिमेला तुम्ही ध्यानावर जे पान छापलं होतं ते मी डेपोत उभ्या उभ्या वाचलं. पद्मासनात बसलेला माणूस, मागं डोंगर, आणि खाली लिहिलेलं की रोज वीस मिनिटं श्वासाकडं लक्ष द्या, टेन्शन जातं, झोप चांगली लागते. चूक काही नाही त्यात, पण मी बेळगाव-निपाणी गाडीवर कंडक्टर आहे आणि ध्यानाला लागल्यावर माझं टेन्शन आधी चांगलंच वाढलं, त्याबद्दल कोण लिहीत नाही म्हणून हे पत्र.

तीन वर्षांमागं कशीबशी रजा मिळवून (कशी मिळवली त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल) हातकणंगल्याजवळ आळत्याला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. फी नाही, बोलायचं नाही, मोबाईल जमा, पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस नुसतं नाकाशी श्वास येतोय जातोय ते बघायचं, त्याला आनापान म्हणतात, आणि मग अंगावर ज्या संवेदना उठतात त्या बघायच्या, खाज आली तरी खाजवायचं नाही, गुडघा फुटला तरी हलायचं नाही. परत आलो तेव्हा आठ-दहा दिवस कसा हवेत होतो, घरचे पण म्हणाले की बाबा बदलले. मग एका सोमवारी सकाळची ट्रिप, गाडी खच्चून भरलेली, अर्ध्या गाडीला शक्ती योजनेचं, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांच्या फुकट प्रवासाचं, झिरो तिकीट द्यायचं तर प्रत्येकीचं आधार कार्ड बघायचं, मागनं कोण ओरडतंय ‘चिल्लर कोडरी’, पुढनं कोण ओरडतंय ‘अहो मास्तर सुट्टे द्या की’, आणि काकती यायच्या आत माझी सगळी विपश्यना खल्लास. असं मला वाटलं.

पण एक गोष्ट राहिली होती. राग आला की आधी कानशिलं तापतात आणि छातीत धडधड होते, हे आता कळायचं. आधी नुसता तोंडातनं शब्द गेल्यावर कळायचं. बुद्धानं दोन बाणांचा दृष्टांत दिलाय, पहिला बाण लागतो तो लागतोच, पण अडाणी माणूस त्यावर रडून ओरडून स्वतःच दुसरा मारून घेतो. पॅसेंजर मला बोलला हा पहिला. तो संकेश्वरला उतरून घरी जाऊन जेवून झोपला तरी मी रात्री ताटावर बसून त्याच्याशीच भांडतोय, हा दुसरा, आणि हा सगळा माझा मीच मारलेला. एवढं कळायला पंधरा वर्षांची नोकरी पुरली नव्हती.

खरी अडचण वेगळीच झाली. रात्री डोळे मिटून बसलो की श्वास बाजूला आणि खिशातली चिल्लर आठवायची. तुम्हाला माहीत आहे की आम्ही तिकिटाच्या मागं सात रुपये, बारा रुपये असं लिहून देतो, ‘उतरताना घ्या’ म्हणतो, आणि घाईत निम्मे लोक विसरून उतरतात. मागितले तर आम्ही देतो, नाही कुठं म्हणतो, पण आठवण करून देतो का? विहारात दर रविवारी हात जोडून ‘अदिन्नादाना वेरमणी’ म्हणतो, न दिलेलं घेणार नाही असा त्याचा अर्थ, आणि दिवसाचे चाळीस-पन्नास रुपये असेच चहापाण्यात जायचे. दुसरं म्हणजे स्टॉपवर गर्दी दिसली की ‘मागनं रिकामी गाडी येतेय’. येत नसायची की हो, मला काय माहीत मागं गाडी आहे का नाही! ‘मुसावादा वेरमणी’, म्हणजे खोटं बोलणार नाही, ते पण गेलं. शिबिरात पण पहिल्या दिवशी आधी शीलच घ्यायला लावतात, श्वास त्याच्यानंतर. तुमच्या पानावर ते शीलच नव्हतं, म्हणून ते पान इतकं सोपं वाटत होतं.

आता स्टॉप यायच्या आधी मी उठून ‘कुणाचे राहिलेत’ म्हणून ओरडतो. क्यूआर आल्यापासनं हा प्रश्न कमी झालाय ते पण खरं, तेव्हा फार मोठं काही करतोय असं नाही. ड्रायव्हर मंडळी हसतात. हसू देत. ज्यांच्या पद्धतीनं ही शिबिरं चालतात त्या गोएंका गुरुजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे अकौंटंट जनरल होते, सगळ्या सरकारच्या हिशोबावर बसलेला माणूस, आणि ऑफिसमधल्या लोकांना ते तिथंच ध्यान शिकवायचे, नोकरी सोडून रानात गेले नाहीत. हिशोब आणि ध्यान एका टेबलावर बसू शकतं तर गाडीत का नाही.

आणखी एक आहे. आमच्या निपाणीत 1925 साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद झाली, आमचे पणजोबा चालत गेलते असं घरात सांगतात. त्या निपाणीत माझी बहीण विड्या वळते. मी तिला सम्यक आजीविका समजावून सांगत होतो की उपासकानं पाच धंदे करू नयेत, हत्यारं, प्राणी, मांस, दारू आणि विष. तिनं सुपातनं मान वर न करता विचारलं, ‘मग दादा, तंबाखू ह्यात कशात बसते?’ तिचे हात चाललेच होते, हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय मजुरी नाही. मला काही बोलता आलं नाही. सोड म्हणावं तर घर कसं चालायचं, चालतंय म्हणावं तर पाचवा शब्द डोळ्यासमोर. तीन रात्री त्याच्यावर बसलो, अजून उत्तर नाही.

तर विनंती एवढीच की पुढच्या पौर्णिमेची वाट न बघता कुणा जाणत्या भंतेजींना किंवा अभ्यासकांना हा प्रश्न विचारा आणि उत्तर छापा. डोंगराचा फोटो नसला तरी चालेल. मी तो अंक निपाणीला नेऊन देईन, ड्यूटी तिकडंच असते.

आपला,
एक कंडक्टर (नाव छापू नये, डेपोत अजून चिडवतील)
ता. जि. बेळगाव